दोन पुढचे, दोन मागचे

गाडी भर चौकात बंद पडली तेव्हा आई मागच्या सीटवर होती आणि थोरला स्टीअरिंगवर बुक्क्या मारत होता. मागे हॉर्नचा नुसता गदारोळ चालला होता. एक ट्रकवाला खिडकीतून डोकं बाहेर काढून थोरल्याच्या अकलेविषयी आपलं मत सांगत होता, आणि थोरला त्याला त्याहून सरस उत्तर देत होता. गाडी दोन दिवस खोकत होतीच. चढावर धाप लागायची, मधेच आचके द्यायची. आज तिने सरळ मान टाकली.

आई दार उघडून उतरली, पर्स काखोटीला मारली, हात दाखवून ट्रकसकट सगळी रहदारी थांबवली आणि चालत घरी गेली. जन्मभर शाळेत शिकवलेली बाई. तिच्या हाताला अजून लोक थांबत. घरी पोचल्यावर तिने एक फोन केला. तो कुणाला केला, हे थोरल्याला रात्री जेवताना कळलं.

"उद्या अकराला भंगारवाला येतोय," आई ताटात आमटी वाढून घेत म्हणाली. "त्याच्या आत गाडी सुरू झाली आणि मला तिच्यातून मैत्रिणीकडे जेवायला पोचवलंत, तर राहील. नाहीतर तो घेऊन जाईल. कागद माझ्या नावावर आहेत, हे दोघांनी ध्यानात ठेवा."

"आई! बाबांची गाडी आहे ती!" थोरल्याने हातातला घास ताटात परत टाकला.

"बाबांची होती तेव्हा चालत होती," आई म्हणाली.

गाडी खरंच चालत नव्हती, आणि ती का चालत नव्हती हे घरातल्या चौघांनाही ठाऊक होतं. दोन धनी असलेल्या बैलाचं जे होतं, तेच तिचं झालं होतं. तेल घालायचं कुणी? त्याने. हवा भरायची कुणी? त्यानेच. हा 'तो' म्हणजे नेहमी दुसरा भाऊ असायचा.

भाऊ म्हणजे धाकटा. लग्न केलं नव्हतं, वरच्या मजल्यावर राहायचा आणि जेवायला खाली यायचा. एका टेबलावर समोरासमोर बसून दोघं भाऊ गेले आठ महिने एकमेकांशी अवाक्षर बोलले नव्हते. कारण काय, तर गाडीचा भोंगा. बाबांच्या वेळचा भारदस्त भोंगा काढून धाकट्याने एक नवा, पिपाणीसारखा वाजणारा बसवला होता. थोरला भडकला. शब्दाने शब्द वाढला आणि शेवटी धाकटा ओरडला, "गाडी काय तुझ्या बापाची आहे?"

"हो! माझ्याच बापाची आहे!"

"तुझ्या एकट्याच्या नाही!"

इथे संवाद संपला तो संपलाच. तेव्हापासून सगळं बोलणं थोरल्याच्या बायकोमार्फत व्हायचं. धाकट्याची ती वहिनी. आणि दोघांच्या मते तिला दुसरं काही काम नव्हतं.

"वहिनी, दादाला सांगा," धाकटा आता म्हणाला, "की प्लग गेलेत. चारही बदलावे लागतील."

थोरल्याचं डोकं फिरलं. त्याचंही निदान अगदी हेच होतं, आणि याच गोष्टीचा त्याला जास्त राग आला. "त्याला सांग, मला कळतं. मला शिकवू नको म्हणावं."

"हे बघा," वहिनी म्हणाली, "तुम्ही दोघं हाताच्या अंतरावर बसलाय. मी काय टपालखातं उघडलंय?"

"सांग त्याला," थोरला पुढे म्हणाला, "इंजिनाला चार प्लग आहेत. पुढचे दोन माझे, मागचे दोन त्याचे. आपापले आणायचे, आपापले बसवायचे. माझ्या दोनांना त्याने हात लावायचा नाही."

"वहिनी, दादाला सांगा, मंजूर आहे. मला त्याचे दोन नकोच आहेत."

इंजिनाची अशी वाटणी जगात कुणी केली नसेल. पण या घरात ती कुणालाच विचित्र वाटली नाही. आईने फक्त एकदा कपाळावर हात मारला आणि भात वाढायला घेतला.

जेवण झाल्याबरोबर थोरला अंगणातला दिवा लावून कामाला लागला. त्याला ही गाडी हवी होती, अगदी जिवापाड हवी होती. ऑफिसात दिवसभर साहेबाची बोलणी खाऊन आल्यावर तो पाच मिनिटं तिच्यात नुसता बसायचा. बाबा गेल्यावर घरातलं सगळं बदललं. कपाटं, पडदे, भिंतींचे रंग. या गाडीत तेवढा बाबांच्या तपकिरी कोटाचा वास अजून होता. तो वास भंगारवाल्याच्या तराजूत जाणार, या विचाराने थोरल्याला रडू यायला हवं होतं. त्याला राग येत होता. रडण्यापेक्षा त्याला तेच जास्त जमायचं.

बाबांचा एक नियम होता: काहीही खोलण्याआधी खूण करायची. आणि खूण करायची ती नेलपॉलिशने, कारण ते तेलाने पुसलं जात नाही. प्रत्येक प्लगला एक वायर येते. या वायरींची अदलाबदल झाली तर इंजिन सुरू होत नाही, उलट अंगावर येतं. चारही वायरी दिसायला सारख्या, मापाला सारख्या. थोरल्याने बायकोची लाल नेलपॉलिशची बाटली आणली. पुढून पहिल्या वायरीवर एक ठिपका दिला, दुसरीवर दोन ठिपके. मग वायरी उपटल्या आणि पाना लावला. पहिला प्लग निमूट निघाला. दुसरा दाढेसारखा घट्ट रुतून बसला. थोरल्याने जोर केला, पाना सटकला आणि तीन बोटांची सालं निघाली. तरी आपले दोन नवे प्लग बसवूनच तो उठला.

वरच्या गॅलरीत धाकटा शीळ घालत उभा होता.

"सांग त्याला," थोरला घराकडे तोंड करून गरजला, "शीळ घालायची असेल तर गच्चीवर जाऊन घाल म्हणावं!"

वहिनीने खिडकी लावून घेतली.

सकाळी धाकट्याची पाळी होती. थोरला दाढी करता करता खिडकीतून डोळा ठेवून होता. धाकट्याने आपले दोन प्लग काढले, नवे बसवले, तेही एकही बोट न सोलता. थोरल्याने त्या रागात स्वतःचा गाल कापून घेतला. वायरींची दुसरी टोकं एका काळ्या टोपीत खोचलेली असतात. टोपी म्हणजे इंजिनाला ठिणग्या वाटणारी वाढपीण. धाकट्याने ती टोपीही चारही वायरींसकट काढली, आतून पुसायला म्हणून बाहेर ठेवली आणि चहा प्यायला वर गेला. थोरल्याने आंघोळ उरकून घेतली. बाहेर येऊन बघतो तर बॉनेट उघडं आणि टोपी गायब.

"चोर! चोर शिरला घरात!"

"ओरडू नकोस," मागून आईचा आवाज आला. "वाळत घातलीय."

थोरला वळला. दोरीवर चादरींच्या शेजारी, कपड्यांच्या चिमट्यांना टोपी लटकत होती आणि तिच्या चार वायरी वाऱ्यावर पाय झाडत होत्या. चकचकीत. साबणाचा वास येत होता.

"आई... हे धुतलंस तू?"

"ब्रशने घासून. काय तो मळ! इतकं काळं झाल्यावर त्यातून वीज जाणार कुठून?"

थोरल्याने डोळे मिटून घेतले आणि मनात आकडे मोजायचा प्रयत्न केला. डॉक्टरांनी तसं सांगितलं होतं. तीनच्या पुढे त्याला जमलं नाही. त्याने टोपी खाली उतरवली, बायकोचा केस वाळवायचा ड्रायर आणला आणि टोपीच्या पोटात गरम हवा मारत बसला. टोपी कोरडी करून तिच्या जागी बसवली. ती एकाच बाजूने बसते, तेवढं नशीब. आता वायरी. एक ठिपकेवाली पहिल्या प्लगला. त्याने ती शोधली. सापडली. मग शेजारची वायर हातात घेतली, आणि तिच्यावरही एकच ठिपका होता. उरलेल्या दोघींवर दोन-दोन.

त्याने चारही वायरी उलटसुलट करून पुन्हा पाहिल्या. मग त्याने बायकोला अशी हाक मारली, की शेजारचं कुत्रं उठून बसलं.

"अहो, मला काय विचारता?" वहिनी हात पुसत बाहेर आली. "सकाळी भावोजींनीही बाटली मागून नेली होती. बाटली एकच आहे घरात."

"म्हणजे त्याने माझी युक्ती चोरली!"

धाकटा एव्हाना खाली आला होता. तो कुणाशीच बोलत नसल्यासारखा आभाळाकडे बघत म्हणाला, "युक्ती बाबांची होती. काही लोकांना वाटतं, बाबा त्यांच्या एकट्याचे होते."

थोरल्याने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि ऐन वेळी त्याला आठवलं, की आपण याच्याशी बोलत नाही. राग तोंडापर्यंत येऊन परत गेला, आणि परत गेलेला राग फार वाईट. घड्याळात दहा वाजून गेले होते. त्याने अंदाजपंचे चारही वायरी खोचल्या, आत बसला आणि सेल्फ मारला.

धडाम!

इंजिनाच्या तोंडातून आगीचा एक लोळ आला आणि फिल्टरचं झाकण उडून गुलाबाच्या कुंडीत जाऊन पडलं. समोरच्या घरातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. थोरला बाहेर आला. भुवया शाबूत आहेत ना, हे त्याने आधी हाताने पाहिलं. मग एक ठिपक्याच्या दोन वायरींची आपसात अदलाबदल केली आणि पुन्हा सेल्फ मारला. या वेळी इंजिन चालू झालं, पण कसं? थंडी वाजून आल्यासारखं. गाडी गदगदा हलत होती, आणि सायलेन्सरमधून काळ्या धुराचा भपकारा निघून थेट दोरीवरच्या पांढऱ्या चादरीवर बसला.

"माझी चादर!" वहिनी किंचाळली.

धाकटा वाकून प्लगांवरून अंदाजाने बोट फिरवत होता. दोन तापले होते, दोन थंड होते. एक पुढचा तापला होता आणि एक मागचा, दोन्ही एक ठिपक्याचे. म्हणजे थोरल्याचा एक चालत होता, धाकट्याचा एक चालत होता. या इंजिनाला वाटणी मंजूर नव्हती.

थोरला गाडी बंद करून चादरीपाशी गेला. बायको जे बोलत होती ते ऐकून घेणं भाग होतं. नेमकी हीच संधी साधून धाकट्याने गुपचूप दोन ठिपक्यांच्या वायरींची अदलाबदल केली आणि पाना शोधायच्या निमित्ताने मागे सरला. आता चारही वायरी अगदी जिथल्या तिथे होत्या. गाडी एका सेल्फवर सुरू झाली असती. पण थोरला बायकोची बोलणी खाऊन फणफणत परत आला, आणि मघाचा बदल चुकला असणार असं ठरवून त्याने एक ठिपक्याच्या वायरी पुन्हा उलट्या करून टाकल्या. मग ऐटीत सेल्फ मारला. गाडी पुन्हा गदगदली, पुन्हा धूर, आणि चादरीचा उरलेला कोपराही गेला.

अशा वेळी फाटकाशी टेम्पो येऊन थांबला. भंगारवाला वेळेच्या आधी आला होता. पोट सुटलेला, कानावर पेन्सिल, मोठा निवांत माणूस. तो गाडीभोवती एक फेरी मारून आला आणि बॉनेटवर बोटाच्या पेरांनी टकटक केलं, कलिंगड बघतात तसं.

"पत्रा बरा आहे," तो म्हणाला.

"हात लावायचा नाही!" दोघं भाऊ एका आवाजात ओरडले.

भंगारवाल्याने हात खिशात घातला. "मला बाईंनी बोलावलंय. मी पायरीवर बसतो. तुमचं चालू द्या."

आई आवरून, पर्स घेऊन दारात उभी होती. "अकराला अजून पाच मिनिटं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि तेच वाईट लक्षण होतं. आई ओरडली, तर तिचं मन बदलता येतं. अशी शांत बोलली, की झालं ते झालं.

तो घाईघाईने बॉनेटखाली वाकला. पलीकडून धाकटाही वाकला. एकाच वायरीवर दोघांचे हात पडले आणि आठ महिन्यांनी थोरला भावाशी थेट बोलला.

"हात काढ, गाढवा!"

"तू काढ! मी मघाशी नीट लावल्या होत्या!"

"कधी लावल्यास?"

"तू वहिनीकडे गेलास तेव्हा! दोन ठिपक्यांच्या फिरवल्या मी!"

"मग मला सांगायला तोंड नव्हतं? मी येऊन एक ठिपक्याच्या परत फिरवल्या ना!"

"बोलत नव्हतो ना आपण!"

थोरल्याच्या हातातला पाना खाली पडला. "एवढं सांगण्यापुरतं बोलायचं! आणि मुळात तू एक ठिपका कुठे दिलास?"

"एक नंबरला."

"एक नंबर माझा आहे! तो पुढून पहिला!"

"माझे मागचे दोन होते! मी मागून मोजलं! मागून पहिला म्हणजे एक!"

"मागून कुणी मोजतं का? बाबांनी कधी मागून मोजलं?"

"बाबांनी कधी इंजिनाची वाटणी केली?"

थोरला आणखी मोठ्याने ओरडला. "सोड ती वायर! एक ठिपक्याच्या फिरव. दोन ठिपक्यांच्या आहेत तशा राहू देत. फिरव म्हणतो ना!"

"फिरवतोच आहे! ओरडतोस कशाला?"

"मी ओरडत नाहीये!" थोरला ओरडला.

तो आत बसला. त्याने किल्ली फिरवली. इंजिन एकदा घरघरलं, आणि लागलं. धूर नाही, आचका नाही. बाबांच्या वेळी चालायचं तसं, दाणेदार. थोरल्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्याने ते कुणी बघायच्या आत बाहीने पुसलं आणि त्या बाहीचं ग्रीस गालभर फासून घेतलं.

"लागली!" धाकट्याने बॉनेट दाणकन आपटलं. "सरक पलीकडे. मी नेतो आईला."

"तू? का म्हणून?"

"गाडी लागली कुणामुळे? मी दोन ठिपके फिरवले म्हणून!"

"आणि उलटं मोजून घोळ कुणी घातला? मी थोरला आहे, मी चालवणार."

"काल चौकात तूच चालवत होतास! आईला पायी यावं लागलं!"

"कारण तुझे मागचे दोन सडले होते!"

"माझे? तुझे पुढचे बघ जाऊन, कोळसा झालाय त्यांचा!"

धाकट्याने दार धरून ओढलं, थोरल्याने आतून ओढलं. गाडी आपली शांतपणे चालत होती. समोरच्या खिडक्या पुन्हा उघडल्या. वहिनी काळ्या चादरी खांद्यावर घेऊन बघत होती, आणि आठ महिने आपण निरोप पोचवत होतो तेच दिवस बरे होते, असा विचार तिच्या मनात पहिल्यांदा आला.

आई पायऱ्या उतरून खाली आली. तिने चालू गाडीकडे पाहिलं, मुलांकडे पाहिलं. मग ती भंगारवाल्याकडे वळली.

"गाडी राहू दे रे. गाडी चालतेय."

"म्हणजे माझी फेरी फुकट का, बाई?"

"फुकट कशाला? या दोघांना वजनावर घेतोस का?"

भंगारवाला उठला. कानावरची पेन्सिल काढून त्याने थोरल्याला आणि धाकट्याला डोक्यापासून पायापर्यंत नीट न्याहाळलं. धंद्याच्या बाबतीत तो थट्टा करत नसावा.

"जोडी देत असाल तर बघू," तो म्हणाला. "सुटे मी घेत नाही. सुट्याला भाव नसतो."

"मग मलाच सोड पुढच्या चौकापलीकडे," आई म्हणाली. त्याने दिलेल्या हाताचा आधार घेऊन ती टेम्पोत चढली, पर्स मांडीवर ठेवली आणि एकदाही मागे वळून न बघता निघून गेली.

दोघं भाऊ आतून-बाहेरून दार धरून तसेच होते. टेम्पो वळणावर दिसेनासा झाला.

"गेली," धाकटा म्हणाला. "भंगाराच्या टेम्पोतून."

थोरल्याने दात-ओठ खाल्ले. त्याला भावाचा राग आला, भंगारवाल्याचा आला, आईचा आला, आणि सगळ्यांत शेवटी, नाइलाजाने, स्वतःचाही आला. तो ड्रायव्हरच्या सीटवरून धुसफुसत पलीकडच्या सीटवर सरकला.

"बघत काय राहिलास? बस!" तो खेकसला. "गाठायचंय तिला. आणि आधी हँडब्रेक काढ, गाढवा!"